सहवासांक एक्याऐंशी

सरकारचा संदेश आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात, कुणाच्या तरी ओल्या सतरंजीवर बसून उपमा खात होते. पूर उतरून चार दिवस झाले होते. संदेश असा होता: ‘पूरग्रस्त कुटुंब क्रमांक २१७. कुटुंबप्रमुख: शालन बापूसाहेब शिंत्रे. सदस्य: रंजना विलास शिंत्रे. सहवासांक ८१. मंजूर मदत: नवीन गावठाणात एक घर आणि संसारोपयोगी साहित्य. आपली काळजी घ्या.’

मी दोनदा वाचलं. रंजना म्हणजे मी. शालन म्हणजे माझी थोरली जाऊ. आणि या जावेशी मी नऊ वर्षांत एक शब्दही बोलले नव्हते.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा गेलेला, मुलगी नागपूरला तिच्या संसारात. बासष्ट वर्षांच्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे स्वतंत्र घर आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. घर राहण्याजोगं उरलं नाही, पाटी पाण्यानं नेली. आता सरकार म्हणत होतं की नवीन पाटीवर शालनआक्कांचं नाव असेल आणि त्यांच्या कुटुंबात तू एक सदस्य. आश्रिताचं जिणं म्हणतात ते हेच.

सरकारच्या हेतूला मी नावं ठेवणार नाही. मागच्या पुरानंतर आमच्या बेडगेवाडीतच एकेका घरातून चार-चार कुटुंबं उगवली होती. कागदावर चार भाऊ चार दिशांना, जेवायला मात्र एकाच परातीभोवती. तलाठी पंचनामा करायचा आणि शेजारचे पंच डोळे मिटून सही ठोकायचे, कारण उद्या त्यांच्या पंचनाम्यावर यांची सही लागणार असायची. ज्यांचं खरोखर वेगळं बिऱ्हाड होतं ती माणसं वर्ष-वर्ष कचेरीत खेटे घालत बसली. म्हणून यंदा आलं वास्तव्यमापक यंत्र. गावानं त्याचं नाव ठेवलं ‘नाक’.

मी अठ्ठावीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. सोपं करून सांगायची खोड अजून गेलेली नाही, तेव्हा सांगते. आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. प्रत्येक माणसाचा हा गोतावळा निराळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. फरक इतकाच की ठसा जन्मभर तोच राहतो आणि गोतावळा बदलत जातो. एकत्र जेवणारी, एकमेकांची भांडी हाताळणारी माणसं हे जीव नकळत आपसांत वाटून घेतात. काही महिन्यांत त्यांचे गोतावळे एकमेकांसारखे दिसू लागतात. माणसं लांब गेली की हे साम्य हळूहळू ओसरतं.

नाक एवढंच करतं. पुराचं पाणी जिथवर चढलं नाही तिथली, म्हणजे बहुतेक घरांत पंख्याच्या पात्यावरची, धूळ गोळा करतं. माणसाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतं. दोन्हींतले सूक्ष्मजीव दुसऱ्या माणसाच्या नमुन्यांशी ताडून पाहतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं. तोच सहवासांक. साठच्या वर असेल तर एक कुटुंब, खाली असेल तर वेगळी. तलाठी नको, पंच नकोत, त्यांचं चहापाणीही नको. चौथ्या दिवशी घर मंजूर. ऐकायला मला हे फार आवडलं होतं. स्टुलावर चढून पंख्यावरची धूळ काढणाऱ्या मुलीला मी खाली उभं राहून सूचनासुद्धा दिल्या होत्या.

उपमा तसाच टाकून मी चित्रकलेच्या वर्गात गेले. तिथं मदत अधिकारी मुजावर मॅडम बसायच्या. पस्तिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं मात्र मऊ.

“मॅडम, तुमचं यंत्र चुकलंय.”

“बाई, बसा आधी.” गावात मला सगळेच बाई म्हणतात, त्यांनीही तेच उचललं होतं. “एक्याऐंशी? अहो, एका घरातल्या सख्ख्या बहिणींचासुद्धा सत्तरच्या आसपास येतो. एकत्र जेवता का तुम्ही?”

“मी त्या बाईचं तोंड बघत नाही.”

“नळ एक आहे?”

“वेगळा.”

“आजारपणात येणं-जाणं? त्यांच्याकडचं काही खाणं?”

“अजिबात नाही,” मी ठणकावून सांगितलं, आणि सांगता सांगताच माझी जीभ अडखळली. “दही,” मी म्हटलं.

आता हे दह्याचं प्रकरण सांगायला हवं, म्हणजे भांडणाचंही सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी दहावीचे पेपर तपासायला मिरजेला होते. बाराव्याला सगळी भावकी जमलेली असताना शालनआक्का म्हणाल्या, “शिकल्याली सून हाय. तिला सासूपरास पेपर म्होटं.” मी काय मूग गिळून बसणार? मी म्हटलं, “तुम्ही वेळेवर डॉक्टर आणला असता, तर मी येईपर्यंत सासूबाई तरी उरल्या असत्या.” दोन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं होतं आणि दोन्ही बोलायची नव्हती. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. पुढं दोन वर्षांच्या अंतरानं दोघींचे नवरे गेले. दोन्ही वेळा आम्ही एकमेकींच्या घरी तेरा-तेरा दिवस राबलो, पण तोंडातून शब्द काढला नाही.

दही मात्र चालू राहिलं. सासूबाईंचं विरजण त्यांच्या सासूकडून आलेलं होतं. म्हैस शालनआक्कांच्या गोठ्यात, म्हणून दही त्याच लावायच्या. रोज दिवेलागणीला दोन घरांमधल्या कमरेइतक्या भिंतीवर त्या दह्याची वाटी ठेवायच्या. मी ती उचलायची. सकाळी त्याच वाटीत काहीतरी घालून परत ठेवायची. भाजी, चटणी, सणाला पुरणाचा गोळा. घरात आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे सासूबाईंनी दोघींच्या हाडीमासी मुरवलं होतं. भांडण आमचं होतं, विरजण सासूबाईंचं. ते मोडायचं पाप कुणी घ्यायचं?

नऊ वर्षं, रोज. त्यांच्या हाताचे, गोठ्याचे, मडक्याचे जीव माझ्या पोटात आणि माझ्या स्वयंपाकघरातले त्यांच्या पोटात. नववीच्या पोरांना मी दह्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत आले. काचपट्टीवरचं दही कुणाच्या घरचं आहे याचा विचार करायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

मुजावर मॅडमना हसू आवरेना. मग माझा चेहरा बघून त्या गंभीर झाल्या. “बाई, हरकत घेता येते. पण सिद्ध करावं लागेल. पंचेचाळीस दिवस दोघींमध्ये खाण्याची, भांड्याची कसलीच देवाणघेवाण नको. शेडसुद्धा लांबलांबची देते. मग परत मोजू. साठच्या खाली आलात तर दोघींना वेगवेगळं घर. त्यांचंही नुकसान नाही.” मग त्यांनी विचारलं, “नक्की घ्यायची ना हरकत?”

“नक्की,” मी म्हटलं.

नियमाप्रमाणे शालनआक्कांना बोलावणं गेलं. त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या. नऊवारीचा काठ अजून चिखलानं कडक झालेला होता. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तिला येगळं व्हायचं आसंल तर हू दे. माझं काय म्हननं न्हाई.” सही करून गेल्या. सही करताना त्यांचा हात इतका हळू चालला की मला वर्गातली कच्ची पोरं आठवली.

शाळेमागच्या माळावर पत्र्याच्या शेड होत्या. मला पहिल्या रांगेतली दोन नंबरची खोली मिळाली, आक्कांना शेवटच्या रांगेतली.

पहिल्याच संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी दह्याची वाटी. वर मक्याचं पान झाकलेलं.

म्हैस पुराच्या पाण्यातून पोहत वर निघाली होती, हे मला कळलं होतं. पण विरजण? मग बोट आठवली. बचाव पथकानं आम्हाला छपरावरून उतरवलं तेव्हा आक्कांनी एक स्टीलचा डबा छातीशी घट्ट धरला होता. शेजारच्या बाईनं हात द्यायला डबा मागितला तर दिला नाही. मी मनात म्हटलं होतं, बघा, जीव जायची वेळ आली तरी सोनं सुटत नाही. त्या डब्यात सोनं नव्हतं, विरजण होतं.

हे सगळं मला उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं, आणि तरीही मी जे केलं ते सांगायला हवं. मी वाटी उचलली, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले, आणि दही जसंच्या तसं, पान न उचलता, त्यांच्या दाराशी ठेवून आले. पंचेचाळीस दिवसांचा नियम होता ना! भांडं रिकामं परत द्यायचं नाही, तेही मी पाळलं होतं. स्वतःला समजावायला मी पहिल्यापासून हुशार.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. पुढं कधीच आली नाही.

पंचेचाळीस दिवसांत मी एकटेपण काय असतं ते शिकले. तोवर वाटायचं, आपण एकटंच राहतो, आपल्याला सवय आहे. ती सवय नव्हती हे आता कळत होतं. मदत सगळी वेळेवर यायची. शिधा टोकन दाखवलं की खिडकीतून मिळायचा, डॉक्टर फोनवर बोलायचा, पिशवीतलं दही दुकानात होतं आणि ते दररोज एकाच चवीचं होतं. पूर्वी पूर आला की माणसं घरात यायची. पंच यायचे, तलाठी यायचा, नुसते बघे यायचे, आणि चिखलात उभं राहून ‘अरेरे’ म्हणायचे. त्या अरेरेचा मला केवढा राग यायचा! आता कुणी अरेरेसुद्धा म्हणत नव्हतं. सगळं यंत्राला ठाऊक होतं, मग माणसानं येऊन बघायचं कशाला?

विसाव्या दिवशी मला ताप भरला. तीन दिवस मी खाटेवरून उठले नाही. शेडमध्ये येताना सगळ्यांच्या मनगटावर बांधलेल्या पट्टीनं ते ओळखलं आणि फोनवर संदेश आला: ‘आपले तापमान वाढलेले दिसते. भरपूर पाणी प्या.’ पाणी प्यायला माठापर्यंत जायला हवं होतं. मी पत्र्याकडं बघत पडले होते, तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. गेली नऊ वर्षं मी एक दिवस जरी सकाळी वाटी परत ठेवली नसती, तर भिंतीपलीकडच्या बाईला कळलं असतं की रंजनाचं काहीतरी बिनसलंय. ती बोलली नसती कदाचित. पण ती आली असती. नऊ वर्षं रोज कुणीतरी मी जिवंत आहे का ते बघत होतं आणि मीही कुणाचं तरी बघत होते, आणि आम्ही दोघी त्याला भांडण म्हणत होतो.

मला रडू आलं. मोठ्यानं आलं. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळं आवरायचंही कारण नव्हतं.

फोनवर ‘हरकत मागे घ्या’ असं हिरवं बटण होतं. ताप उतरल्यावर मी ते रोज उघडून बघायचे. दाबलं नाही. दाबलं असतं तर आक्कांना कळवलं गेलं असतं, आणि त्या हसल्या असत्या, किंवा हसल्या नसत्या, आणि दोन्ही मला सोसवलं नसतं. शिवाय पाटी होतीच. दारावर माझ्या नावाची पाटी. माणूस कशाकशाला चिकटून राहतो.

एकदा पाण्याच्या टाकीशी आम्ही समोरासमोर आलो. त्या वाळल्या होत्या. मी घागर बाजूला घेतली, त्यांनी भरली, आणि कडेवर घेऊन निघून गेल्या. वाट देताना मी काही बोलले असते तर? तोंड उघडलंही होतं. पण नऊ वर्षांनी पहिला शब्द कोणता बोलायचा, ते ठरेपर्यंत त्या रांगेच्या टोकाला पोचल्या होत्या.

सेहेचाळिसाव्या दिवशी नाकानं पुन्हा मोजलं. आकडा आला छत्तीस.

“अभिनंदन, बाई,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “दोन कुटुंबं, दोन घरं. जिंकलात तुम्ही.”

नवीन गावठाण टेकडीवर आहे. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. मला अठरा नंबर मिळाला, आक्कांना त्रेसष्ट, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. माझं घर चांगलं आहे. दोन खोल्या, ओटा, पश्चिमेला खिडकी. दारावर पाटी लावली: ‘सौ.’ काढून नुसतं ‘रंजना वि. शिंत्रे’. पहिले आठ दिवस मी येता-जाता ती वाचली. नंतर लक्षात आलं की ती वाचणारी मी एकटीच आहे.

पंधरा दिवसांनी मी मनाचा हिय्या केला आणि त्रेसष्ट नंबरला गेले. बोलायचं काय ते वाटेत घोकलं होतं. आक्का पायरीवर बसून वैरणीच्या पेंढ्या बांधत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले.

“आक्का,” मी म्हटलं, “विरजण न्यायला आले. चमचाभर.”

त्यांनी पेंढीची गाठ आवळली. मग नऊ वर्षांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“मोडलं.”

“कसं?”

“तू वाटी माघारी ठिवलीस त्याच्या फुडं दोन-चार येळा लावलं. रोज वाटीत काढायची न् कुनाला द्यायची ते कळंना. आंबून जायाचं. एकटीला दही लागतंय तरी किती? मग न्हाई लावलं. दूध समदं डेरीला घालत्ये.”

घोकलेलं सगळं विसरले. ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द होते, तेही बोलले नाही. त्या ‘बस’ म्हणाल्या नाहीत आणि मी बसले नाही. “येते,” म्हणून निघाले. पाठीमागून ‘ये’ ऐकू आलं नाही. आमच्याकडं परक्या माणसालासुद्धा ‘या’ म्हणून निरोप देतात.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा सरकारनं एकट्या राहणाऱ्या माणसांची नोंदणी काढली. मागच्या पुरात खालच्या आळीतले एक आजोबा तीन दिवस माळ्यावर अडकून पडले होते आणि कुणालाच पत्ता नव्हता, म्हणून. चांगलीच योजना. मी ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत गेले, तर टेबलामागं पुन्हा मुजावर मॅडम.

अर्जात नाव, घर क्रमांक, औषधं असे रकाने होते. शेवटचा रकाना असा: ‘आपण एक दिवस दिसला नाहीत, तर ज्यांच्या लक्षात येईल अशा व्यक्तीचे नाव.’

“मुलीचं टाकू?” मॅडमनी विचारलं.

“ती नागपूरला. रविवारी फोन करते. सोमवारी काही झालं तर तिला सहा दिवसांनी कळेल.” मी पेन घेतलं आणि लिहिलं: शालन बापूसाहेब शिंत्रे.

मॅडमनी नाव यंत्रात घातलं. पडद्यावर तांबडी पट्टी आली. त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. ‘सदर व्यक्तीशी आपला सहवास आढळत नाही. कृपया दुसरे नाव द्या.’

“नियमच तसा केलाय, बाई,” त्या ओशाळून म्हणाल्या. “लोक काहीही नावं टाकतात आणि ऐन वेळी कुणी उगवत नाही. म्हणून नाकाच्या शेवटच्या मोजणीशी ताडून बघतं.” मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सांगू नये, पण सांगते. त्या काल येऊन गेल्या. त्यांनी तुमचं नाव टाकलं होतं. त्यांनाही हीच पट्टी आली.”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हटलं, आजी, दुसरं कुणाचं तरी द्या. तर म्हणाल्या, दुसरं हाय कोन? आणि उठून गेल्या. अर्ज तसाच पडलाय त्यांचा.”

मी त्या तांबड्या पट्टीकडं बघत राहिले. यंत्र चुकलंय असं म्हणायची सोय नव्हती. ते आता बरोबर होतं, आणि पहिल्यांदा एक्याऐंशी सांगत होतं तेव्हाही बरोबरच होतं. त्याला खोटं पाडायला मी पंचेचाळीस दिवस राबले होते.

“परत मोजायला किती दिवस लागतील?” मी विचारलं.

“एकत्र खाणंपिणं सुरू झालं की साधारण तेवढेच. कमीजास्त. पण बाई, त्याला दोघी लागतात.”

मी अर्ज अर्धा भरलेला तसाच टेबलावर ठेवला आणि उठले. त्रेसष्ट नंबर टेकडीच्या पलीकडं आहे, चालत वीस मिनिटं लागतात.